घड्याळ आपोआप लागत नाही

जर्मनीत किराण्याच्या स्वस्त दुकानांत मधोमध एक लांब मांडणी असते. एका आठवड्यात तिथे लोकरीचे मोजे असतात, पुढच्या आठवड्यात ड्रिल मशीन, आणि वर्षातून कधीतरी भिंतीवरची घड्याळं. पंधरा-वीस युरोंना एक. खोक्यावर मनोऱ्याचं चित्र, बाजूला ‘फुंकऊर’, म्हणजे रेडिओ-घड्याळ, असं लिहिलेलं. सेल घालायचा, खिळ्याला लटकवायचं, संपलं. वेळ लावायची नाही, मार्च-ऑक्टोबरला एक तास पुढे-मागे करायला स्टुलावर चढायचं नाही.

आम्ही राहतो स्टुटगार्टला. पुण्याहून नोकरीसाठी इथे येणाऱ्या मराठी मुलांची ये-जा सतत चालू असते, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या बिऱ्हाडातून मला कधी ना कधी फोन येतो, “दादा, ते घड्याळ...” सिम कार्ड कुठे आहे, वाय-फायचा पासवर्ड कुठे टाकायचा, सेल घातला तरी काटे वेडेवाकडे का फिरतायत. माझा व्यवसाय घड्याळांचा नाही. पण घरात अशी घड्याळं बरीच वर्षं आहेत, दोन-चार खोलून पाहिली आहेत, आणि दुसऱ्यांच्या भिंतींवर त्याहून जास्त लावून दिली आहेत. त्या अनुभवातून जे कळलं ते हे.

१. वेळ लावणारा कोण, ते आधी जाणून घ्या

फ्रांकफुर्टच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटरवर माइनफ्लिंगेन नावाचं गाव आहे. तिथे दीडशे-दोनशे मीटर उंचीच्या खांबांवर एक अँटेना ताणलेली आहे आणि ती रात्रंदिवस ७७.५ किलोहर्ट्झवर एक संकेत सोडत असते. केंद्राचं नाव डीसीएफ७७. प्रक्षेपण १९५९ पासूनचं. त्यात तारीख-वेळ सांकेतिक रूपात भरायला सुरुवात झाली १९७३ मध्ये. मागे आहे ब्राउनश्वाइगची राष्ट्रीय मापनसंस्था, पीटीबी. १९७८ च्या कायद्याने देशाची अधिकृत वेळ राखण्याचं आणि ती सर्वांपर्यंत पोचवण्याचं काम या संस्थेकडे दिलं. माइनफ्लिंगेनच्या केंद्रातच आण्विक घड्याळं आहेत आणि ब्राउनश्वाइगहून त्यांच्यावर सतत लक्ष असतं.

हे सगळं पुस्तकी वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदिष्टांसाठी मिळणारा एक छोटा रिसीव्हर आणला. बोटाएवढी काळी फेराइटची कांडी, तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, आणि दोन तारांनी जोडलेली नखाएवढी पाटी. तिला एक लाल एलईडी लावला आणि रात्री जेवणं उरकल्यावर खिडकीत ठेवला. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकू लागला. थोडा वेळ टक लावून पाहिलं की लक्षात येतं, सगळ्या लुकलुकी सारख्या नाहीत. काही आखूड, काही किंचित लांब. दर सेकंदाच्या सुरुवातीला माइनफ्लिंगेन आपला आवाज एकदम खाली आणतं. एक दशांश सेकंद खाली राहिला तर तो शून्य, दोन दशांश राहिला तर एक. आणि मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला दिवा लुकलुकतच नाही. ती रिकामी जागा म्हणजे मिनिट संपल्याची खूण.

लेकीची गणिताची चौकटीची वही घेतली आणि शून्य-एक मांडत गेलो. एकविसाव्या सेकंदापासून मिनिटांचा आकडा सुरू होतो. घरांचं वजन क्रमाने १, २, ४, ८, १०, २०, ४०. माझ्या वहीत आलं : १, १, १, ०, १, १, ०. म्हणजे एक, दोन आणि चार मिळून सात, दहा आणि वीस मिळून तीस. सदतीस मिनिटं. पुढचं घर ताळ्याचं. एकूण एक सम संख्येत यायला हवेत. पाच आले होते, म्हणून तिथे आणखी एक १. मग तास, मग तारीख, वार, महिना, वर्ष. एका मिनिटात सगळं पंचांग. गंमत म्हणजे सांगितली जाते ती येणाऱ्या मिनिटाची वेळ. रिकामा सेकंद सरला आणि पुढची लुकलुक सुरू झाली की त्या क्षणी एकोणीस वाजून सदतीस मिनिटं झालेली असतात.

तेव्हापासून मी नवख्यांना पहिलं वाक्य हेच सांगतो : घड्याळ फक्त ऐकतं. लावणारा माइनफ्लिंगेनला बसलाय. पुढच्या बहुतेक तक्रारी ‘त्याला ऐकू येत नाहीये’ या एकाच सदरात बसतात.

२. सेल घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका

सेल बसला की काटे भराभरा फिरतात, बारावर येऊन थांबतात आणि तिथेच उभे राहतात. काही घड्याळांत चारावर किंवा आठावर. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. “दादा, याचे तर बारा वाजले,” असं सांगत एका मुलाने मला थेट व्हिडिओ कॉल केला होता. कॉल चालू असतानाच काटे निघाले आणि खऱ्या वेळेवर जाऊन बसले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

बारावर थांबणं ही त्याची शिस्त आहे. काटे कुठे आहेत ते एका ठिकाणी पक्कं करायचं, मग संकेत ऐकायचा. आणि एक मिनिट ऐकून ते विश्वास ठेवत नाही. लागोपाठची मिनिटं ताडून पाहतं. सदतीसनंतर अडतीस आलं तर खरं. मध्ये कोणी मिक्सर लावला आणि एक सेकंद चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी मागचं बटण दाबत राहणं, सेल काढून परत घालणं, काटा बोटाने ढकलणं हे सगळं त्याच्या ऐकण्यात विघ्न आणतं. दिवसा नाहीच जमलं तर रात्रभर राहू द्या. रात्री लांबवरचा संकेत अधिक नीट पोचतो आणि घराघरांतली विजेची खरखरही कमी असते. म्हणूनच एकदा लागल्यावर बहुतेक घड्याळं रोजची उजळणी उत्तररात्री, दोन-तीनच्या सुमाराला करतात.

३. खिळा ठोकण्याआधी दिशा बघा

वास्तुशास्त्राशी याचा संबंध नाही, पण माझ्या तोंडून हे ऐकलं की आमच्या ओळखीचे एक काका हमखास हसतात.

घड्याळाच्या यंत्रात तीच फेराइटची कांडी असते, बहुतेक वेळा आडवी. तिचा गुण असा की संकेत ज्या दिशेने येतो तिच्याशी कांडी काटकोनात असली तर तिला उत्तम ऐकू येतं, आणि कांडीचं टोक थेट केंद्राकडे असलं तर जवळजवळ काहीच नाही. स्टुटगार्टहून माइनफ्लिंगेन जवळपास सरळ उत्तरेला आहे, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. त्यामुळे इथे पूर्व-पश्चिम धावणारी भिंत चांगली, उत्तर-दक्षिण धावणारी वाईट. म्युनिकमध्ये राहणाऱ्याला वायव्य धरून हिशेब करावा लागेल, बर्लिनवाल्याला नैऋत्य.

एवढ्या जवळून दिशेचा एवढा फरक पडू नये, असं कागदावर वाटतं. पण आमच्या भागातल्या सत्तरच्या दशकातल्या इमारती सळयांनी खच्चून भरलेल्या काँक्रीटच्या आहेत. आत येईपर्यंत संकेत निम्मा-शिम्माही उरत नाही. एका जोडप्याकडे घड्याळ दिवाणखान्यात एका भिंतीवर महिनोन्‌महिने आपल्या मनाने चालत होतं, रोज थोडं थोडं सरकत. काटकोनातल्या शेजारच्या भिंतीवर लावलं आणि दुसऱ्या सकाळी ते सेकंदावर आलं. खर्च काय, तर एक खिळा. (आणि भाड्याच्या घरातलं जुनं भोक बुजवण्याचं कष्टाचं काम. जर्मनीत घर सोडताना त्याचा जाब द्यावा लागतो.)

भिंत बदलणं शक्यच नसेल, तर घड्याळ रात्रभर खिडकीच्या कट्ट्यावर, तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे करून ठेवावं, वेळ लागली की सकाळी जागेवर टांगावं. आत क्वार्ट्झचं साधंच यंत्र असतं. संकेत नाही मिळाला तर ते इतर कुठल्याही क्वार्ट्झ घड्याळासारखं दिवसाला अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे होत चालत राहतं. आठवडाभर तरी कोणाला कळणार नाही.

धातूचा आडोसा हा याचाच चुलतभाऊ. स्टीलच्या कपाटावर, लोखंडी चौकटीवर घड्याळ नको. हाताच्या घड्याळांना तर ही अडचण फार. आमच्याकडून फार लांब नसलेल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्राम्बेर्गच्या युंगहान्स कंपनीने १९९० मध्ये जगातलं पहिलं रेडिओवर चालणारं मनगटी घड्याळ काढलं, त्यात अँटेना चक्क चामडी पट्ट्यात शिवलेली होती. पट्टा तुटला तर मोच्याकडे जाण्याची सोय संपली.

४. शेजार तपासा

टीव्ही, राउटर, मायक्रोवेव्ह, स्वस्त एलईडी दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर, मोबाइलचे चार्जर, इंडक्शनची शेगडी. हे सगळे नेमके माइनफ्लिंगेनच्याच वारंवारतेवर किंवा आसपास कुजबुजत असतात. दीड-दोन मीटर अंतर ठेवा. नव्या घरांत स्वयंपाकघरातल्या कपाटांखाली एलईडीची पट्टी असते आणि घड्याळही नेमकं तिच्याच डोक्यावर लावायचा मोह होतो. पट्टी रात्री बंद असते म्हणून चालून जातं, पण फ्रीजवरचा दिवा-बिवा रात्रभर चालू ठेवायची सवय असेल तर नाही.

हल्ली आणखी एक पाहुणा आला आहे : बाल्कनीतल्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर. तो निदान रात्री झोपतो.

५. सेल साधा अल्कलाइन

रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा. काटे ढकलायला रिचार्जेबलही पुरतो, पण ऐकण्याचं काम मात्र आधी बिघडतं. घड्याळ चालतंय आणि तरी मागे पडतंय, अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न सेलचा विचारतो. उत्तर बहुतेकदा तिथेच मिळतं.

६. ठामपणे बोलणारं घड्याळ खरंच बोलत असेल असं नाही

एका घरी जेवायला गेलो होतो. भिंतीवरचं घड्याळ माझ्या फोनच्या चार मिनिटं पुढे. यजमान म्हणाले, “ते फुंकऊर आहे, तुमचाच फोन मागे असेल.” मी सेल काढून घातला. काटे फिरले, बारावर येऊन थांबले. पण मिनिटकाटा थांबला बारा वाजून चार मिनिटांवर.

यंत्राला काटे दिसत नाहीत. आतल्या दात्यांच्या चाकांना बारीक भोकं असतात. एका बाजूने अवरक्त प्रकाशाचा किरण, दुसऱ्या बाजूला त्याला टिपणारा डोळा. सगळी भोकं एका रेषेत आली आणि किरण आरपार गेला, की यंत्र समजतं : बारा वाजले. त्या चाकाच्या दांडीवर दाबून बसवलेला काटा कधी घसरला, याचा त्याला पत्ता नसतो. हे घड्याळ घर बदलताना पडलं होतं. तेव्हापासून ते रोज रात्री माइनफ्लिंगेनकडून अचूक वेळ घेई आणि दिवसभर चार मिनिटं चुकीचं दाखवी, न चुकता. साधं घड्याळ असतं तर कोणीतरी काटा फिरवून मोकळं झालं असतं. याच्यावर सगळ्यांचा विश्वास, म्हणून महिनोन्‌महिने कोणी शंका घेतली नाही, आणि घरातली पोरं शाळेची ट्राम गाठायला उगाच चार मिनिटं आधी धावत राहिली.

उपाय सोपा. काच काढायची, घड्याळ बाराच्या थांब्यावर आणायचं, मिनिटकाटा हलक्या हाताने उपसून बरोबर बारावर दाबून बसवायचा. नवं घड्याळ विकत घेतानाही पहिल्या थांब्याच्या वेळी दोन्ही काटे खरोखरच बारावर आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावं.

७. ऑक्टोबरची ती रात्र एकदा तरी जागून बघा

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन होतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे परत दोन. जर्मनीत हे १९८० पासून चालू आहे. माइनफ्लिंगेन बदलाच्या तासभर आधी संकेतातल्या एका घरात शून्याचा एक करून सांगून ठेवतं की सावध राहा. नंतर लगेच उन्हाळी-हिवाळी दाखवणारी दोन घरं पालटतात. देशभरातली घड्याळं ते ऐकून घेतात आणि घरातली माणसं झोपलेली असतात.

मार्चमध्ये काटा एक तास पुढे पळतो, त्यात विशेष काही नाही. ऑक्टोबर पाहण्यासारखा. कारण आमच्याकडच्या घड्याळाचे काटे उलटे फिरूच शकत नाहीत. एक तास मागे जायचं तर अकरा तास पुढे जावं लागतं. लेक आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही दोघं पांघरूण घेऊन दिवाणखान्यात बसलो होतो. तीन वाजून गेले तरी काही होईना, तिला डुलकी लागली. मग भिंतीवर एकदम बारीक टरटर सुरू झाली. मिनिटकाटा गरागरा फिरतोय, तासकाटा त्याच्यामागे फरफटत चार, पाच, सहा. “बाबा, सकाळ झाली!” ती दचकून उठली. घड्याळात नऊ वाजले, बारा वाजले, एक वाजला, आणि दोनच्या पुढे जरासं जाऊन काटा पुन्हा सेकंदासेकंदाने चालू लागला, जसं काही झालंच नाही. या सगळ्याला चांगली काही मिनिटं लागतात. त्या मिनिटांत पाणी प्यायला उठलेल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं तर त्याचं काही खरं नाही.

सकाळी उठल्यावर आपल्या वाट्याला उरतात ओव्हन, गाडी आणि आई.

आईला सांगलीला फोन करायचा हिशेब हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीनचा. भारतात साडेअकरा म्हणजे इथे हिवाळ्यात सकाळचे सात, उन्हाळ्यात आठ. आईचा रविवारचा फोन तिच्या साडेअकराला यायचा, मग मार्चनंतर आम्ही अंथरुणात की न्याहारीला हे तिच्या घड्याळावर ठरायचं. “तुमच्याकडं घड्याळ बदलतंय, आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिथंच आहेत की,” हे तिचं म्हणणं. दिवाळीत आणखी घोळ. दिवाळी काही वर्षी त्या रविवारच्या अलीकडे पडते, काही वर्षी पलीकडे, आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तातून कोणी साडेतीन वजा करतं, कोणी साडेचार. खरं तर मुहूर्त आपल्या गावच्या सूर्यास्तावर असतो, तेव्हा दोन्ही वजाबाक्या सारख्याच निरर्थक.

युरोपच्या संसदेने २०१९ च्या मार्चमध्ये ही अदलाबदल २०२१ पासून थांबवण्याच्या बाजूने मत दिलं. सदस्य देशांचं एकमत झालं नाही आणि बदल चालूच राहिला.

८. भिंतीच्या सॉकेटमधून येणारी वेळ वेगळी, हवेतून येणारी वेगळी

२०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या ओव्हनचं घड्याळ मागे पडू लागलं. आधी मिनिटभर, मग दोन, तीन. मी ते पुढे करायचो, ते परत मागे जायचं. शेजारच्या आजींचा गजराचा रेडिओसुद्धा. त्या बिचाऱ्यांनी तो दुरुस्तीला दिला. भिंतीवरचं घड्याळ मात्र जागच्या जागी.

मार्चच्या सुरुवातीला युरोपातल्या वीजवाहिन्या चालवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने खुलासा केला. अशी साधी घड्याळं विजेचे हेलकावे मोजून वेळ काढतात : पन्नास झाले की एक सेकंद. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वादामुळे जानेवारीच्या मध्यापासून जाळ्यात वीज कमी पडत होती, आणि पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत एकत्र जोडलेल्या त्या अख्ख्या जाळ्याची गती सरासरी पन्नासच्या किंचित खाली, ४९.९९६ वर आली होती. फरक एवढासा, पण साचत साचत सहा मिनिटांच्या जवळ गेला. मग तो भरून काढायला जाळं मुद्दाम जरा जलद चालवलं गेलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला हिशेब चुकता झाला. मधल्या काळात ज्यांनी घड्याळं हाताने पुढे केली होती त्यांची आता सहा मिनिटं पुढे गेली.

म्हणून ओव्हनच्या घड्याळावर भात ठेवा, विमान नको. कोसोव्होतली वीज आणि स्टुटगार्टमधला ओव्हन यांचं असं नातं असतं, हे मला घड्याळामुळेच कळलं.

९. केंद्र गप्प होऊ शकतं

डीसीएफ७७ अगदी क्वचित बंद पडतं. वादळात किंवा दुरुस्तीच्या वेळी थोडा वेळ. त्या रात्री घड्याळ आपल्या क्वार्ट्झवर चालतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. पण कायम चालेलच असं गृहीत धरता येत नाही. स्वित्झर्लंडचं प्रांजँचं ७५ किलोहर्ट्झचं केंद्र २०११ च्या अखेरीला बंद केलं गेलं. तिथली घड्याळं आता जर्मनीकडे कान लावून बसतात.

त्याच वर्षी जपानमध्ये झालं ते मनाला लागणारं होतं. तिथे दोन केंद्रं आहेत, एक ४० किलोहर्ट्झवर फुकुशिमा प्रांतातल्या ओताकादोया डोंगरावर, दुसरं ६० वर दक्षिणेकडे क्युशूमध्ये हागाने डोंगरावर. ११ मार्चचा भूकंप, मग अणुवीज केंद्रातला अपघात. ओताकादोया त्या केंद्रापासून वीस किलोमीटरच्या आत, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसांना ठाणं सोडून निघावं लागलं आणि संकेत थांबला. पूर्व जपानातल्या कित्येक घरांतली घड्याळं आपापल्या मनाने चालू लागली. एप्रिलमध्ये केंद्र दुरून, माणसांविना चालवून संकेत पुन्हा सुरू केला गेला. जी वेळ आपण फुकट मिळते असं धरतो, ती कोणीतरी ड्यूटीवर हजर आहे म्हणून मिळते, हे त्या बातमीइतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही.

१०. भारतात भेट म्हणून नेऊ नका

हे मी सर्वात जास्त वेळा सांगतो आणि सर्वात कमी ऐकलं जातं. सुट्टीला जाणाऱ्या माणसाला आत्या सांगते, “ते जर्मनीचं आपोआप लागणारं घड्याळ आण रे,” आणि हा बॅगेत दोन कोंबतो.

माइनफ्लिंगेनचा पल्ला दोन हजार किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्र सहा हजारांच्या पलीकडे. चीन आणि जपानचीही अशी केंद्रं आहेत, पण त्यांच्या वारंवारता आणि संकेतांची मांडणी वेगळी. जर्मन घड्याळाला ती भाषा येत नाही. भारतात अशा घड्याळांसाठी दीर्घलहरींवरचं केंद्र नाही. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते. पण ती भिंतीवरच्या घड्याळापर्यंत पोचायचा हा मार्ग आपल्याकडे नाही. आमच्या लहानपणी तो मार्ग म्हणजे आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टिक-टिक ठोके, आणि ते ऐकून घड्याळ लावणारे आजोबा.

त्यामुळे सांगलीच्या दिवाणखान्यात हे घड्याळ बारावर जाऊन उभं राहतं, वाट बघून थकतं आणि मग चुकीच्या वेळेपासून चालू लागतं. मागचं बटण दाबून धरून हाताने वेळ लावता येते. पण ते रोज रात्री माइनफ्लिंगेन शोधत बसतं आणि सेल लवकर संपतो. आकडेवाल्या घड्याळांत देश बदलायची सोय असते, मात्र बहुतेकांत पायऱ्या पूर्ण तासांच्या. आपला अर्धा तास त्यांच्या गावीच नसतो. मुंबईने तर १९५५ पर्यंत महापालिकेच्या घड्याळांवर भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ जपली होती. त्या हट्टापुढे तर जर्मन कारखानदाराने हातच टेकले असते.

इंग्लंडमध्ये असलेल्या नातेवाइकाला द्यायचं तर चालतं, पण वेळ एक तास पुढे दिसते, म्हणून मागे वेळेचा पट्टा बदलायची सोय आहे का ते आधी बघावं. नाहीतर त्यांनी तिथलंच घ्यावं, ते उत्तर इंग्लंडमधल्या अँथॉर्नचा ६० किलोहर्ट्झचा संकेत ऐकतं. अमेरिकेतही तेच. तिथलं कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं ऐकतं.

आत्याला खरंच आपोआप लागणारं हवं असेल तर वाय-फायवर चालणारं घ्या, ते इंटरनेटवरून वेळ घेतं आणि त्याला अर्ध्या तासाचं वावडं नाही. वीज आणि राउटर दोन्ही चालू असले म्हणजे झालं. आणि फक्त जर्मनीहून काहीतरी न्यायचं असेल तर स्वयंपाकघरातली एक चांगली सुरी न्या. चेक-इनच्या बॅगेत.